तिन्हीसांजेची टकटक

“ओढणी अडकलीय बाकाला… गाडीत बाक पण नेता का काय?”

मुकुंदवाडी स्टेशनवर पाठीमागून आलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी वळून म्हणाले होते, “लई काळजी तुम्हाला बाकाची.”

“बाकाची नाय…”

गाडी सुटली, मी फलाटावरच राहिले. पुढच्या वर्षी लग्न होऊन त्याच आवाजाच्या घरात आले. हे, म्हणजे मल्हारी.

मग सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. आमचं बोलणंही त्याच्यामागं गेलं.

रोज तिन्हीसांजेला मी आतल्या खोलीत दार लावून बसायची. आईच्या ओव्यांच्या चालीवर माझी एक जुळवली होती, ती गुणगुणायची. मग हळूच विचारायची, “आलास, राजा?” आणि दारावर टकटक व्हायची… अगदी हलकी. अंगावर काटा यायचा, तरी गोड वाटायचं. दार लगेच कधी उघडलं नाही. बाळ पळून जाईल, वाटायचं.

“घर बदलू,” हे म्हणाले.

“तुम्ही जा. मी इथंच राहीन.”

जाण्याआधी ह्यांनी एकच मागितलं: पुंडलिकनगरच्या आशाताईंकडं एकदा चल. त्या नवरा-बायकोला सिनेमा दाखवून बोलतं करतात.

पडदे ओढलेली खोली. भिंतीवर जुना काळा-पांढरा सिनेमा, आवाज बंद. “मल्हारी, भिंतीवरच्या बाईचं तुम्ही बोला. बाप्याचं आवडा बोलेल,” ताई म्हणाल्या.

“मला नाय येत बायकांचं बोलणं.”

“बाप्यांचं तरी कुठं येतंय,” मी म्हणाले. हे हसल्यासारखे झाले.

भिंतीवरची बाई दिव्यापाशी एकटीच बसलेली. तिचे ओठ हलले, आणि हे बोलू लागले… अडखळत, पण चालीत—

*तिन्हीसांजा झाल्या बाई, दिवा लावला घरात,*
*माझ्या तान्ह्याचं पाऊल, कवा वाजंल दारात…*

तिचे ओठ नि ह्यांचे शब्द बरोब्बर जुळत होते. ओवी माझी होती. बंद खोलीबाहेर मी ती कधी म्हटलीच नव्हती.

भिंतीवर आता दाराबाहेर एक बाप्या उभा होता. माझी पाळी होती.

“दारावर…” मी ह्यांच्याकडं वळले. “दारावर कोण असतं?”

हे भिंतीकडंच बघत राहिले. “मी असतो, आवडे. पहिल्या दिवशी ओवी ऐकत दाराशी उभा होतो; तू ‘आलास’ म्हणालीस, अन् माझ्या हातून टकटक झाली. बाहेर आलीस तर तोंड असं उजळलेलं… मग खरं सांगवंना.”

माझं बाळ त्या घडीला दुसऱ्यांदा गेलं.

“मग आत का नाय आलात?”

“तू त्याला बोलवायचीस. मला नाय.”

भिंतीवरची बाई ओठ हलवतच होती, कुणाच्याच आवाजाशिवाय.

“तुम्हालाच बोलवायचं होतं,” मी म्हणाले. “पण हाक मारून तुम्ही आला नसतात, तर… बाळाचं न येणं सोसलं मी. तुमचं नसतं सोसलं.”