पलीकडच्या आरशातला धाकटा

बिड्या विझवा नि जवळ सरका, हे ओरडून सांगण्यासारखं नाही. आमच्या ओळखीतल्या एका ट्रकवाल्यावर ओढवलेलं आहे, म्हणून छातीठोक सांगतो. गेल्या थंडीतली गोष्ट. रविवारची रात्र, पावणेबाराचा सुमार.

काम साधंच. कागदाची रिळं गोदामात उतरवायची आणि घरी जाऊन ताणून द्यायची. गाडीवर दोघे सख्खे भाऊ. थोरला ड्रायव्हर, धाकटा क्लीनर. आईने निघताना थोरल्याला बजावलेलं, "त्याला नीट घरी आण, बाकी काही नको मला."

गोदामाची गल्ली अरुंद. गाडी मागे घेताना इंजिनापुढे कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून दोघांची रीत ठरलेली. आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही, आरशात धाकट्याचा हात बघायचा. धाकटा डाव्या आरशात दिसत दिसत गाडीमागे गेला. क्षणभर दिसेना. मग उजव्या आरशात निघाला. तोच पिवळा शर्ट, तीच फेंगडी चाल. अरे, डोळा असाच असतो! माणूस इकडून आड गेला, तिकडून निघाला, की डोळा म्हणतो, हा तोच. हसताय काय, तुम्ही तरी विचारता का, हा तोच कशावरून?

हात हलला. ये... ये...

थोरल्याने गाडी मागे घेतली. हात हलतच होता.

तेवढ्यात मागून, अगदी बारीक, "दादा... थांब..."

आरशात तर ओठ मिटलेले. हात बोलावतोय.

कुणाचं ऐकायचं?

त्याने करकचून ब्रेक दाबला. उतरायला गेला, तर त्याच्या बाजूचं, उजवं दार उघडेना. भिंतीला अडलं. तिकडे जेमतेम वीतभर जागा...

मग तिथे उभं कोण होतं?

डाव्या दारातून उडी मारून तो मागे धावला. माल उतरवायच्या धक्क्याला धाकटा चेपलेला. ट्रकचा मागचा फाळका बरगड्यांना टेकलेला.

"मी इथून हललोच नाही रे दादा," तो रडत म्हणाला. "किती हाका मारल्या तुला..."

अजून दोन बोटं गाडी मागे गेली असती तर... जाऊ दे. बोलवत नाही.

थोरल्याने गाडी पुढे काढली. भावाला कवटाळून ढसाढसा रडला. मग भिंतीकडे बॅटरी मारली. कुणी नाही. खाली एक चप्पल पडलेली. डावी. अंगठ्यापाशी काळ्या तारेने सांधलेली, टाच आतून झिजलेली. धाकट्याचीच.

त्याने धाकट्याच्या पायांकडे बघितलं.

दोन्ही पायांत चपला होत्या. डावीला तीच काळी तार.