पिवळा ठिपका

"दार लावा आधी! उजेडाने माझ्या स्लाइडचे रंग विझतील!"

प्रज्ञाने दचकून दार लोटलं. धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन बाहेर राहिलं. आत मिट्ट काळोख... आणि मायक्रोस्कोपपाशी एक वैतागलेला आवाज.

"मायक्रोस्कोपवर ही माझी वेळ आहे," ती म्हणाली.

"माझीपण. म्हणजे ऑफिसने दोघांना एकच वेळ दिलीय. बसा, खुर्ची उजवीकडे आहे... अहो, तो माझा पाय!"

प्रज्ञाला हसू फुटलं. चेहरा दिसायच्या आधीच आवाज आवडावा, असं तिचं पहिल्यांदाच होत होतं. आवाजाचं नाव डॉक्टर हिलाल.

"हिलाल? हे तर आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबांचंच आहे. आमच्याकडे चांगली वस्तू टाकून देत नाहीत, मॅडम."

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेली प्रज्ञा पीएचडीसाठी जळगावात राहायची आणि या मायक्रोस्कोपसाठी दर आठवड्याला एसटीने धुळ्याला यायची. विषय दोघांचा एकच निघाला, सेंट्रोसोम. पेशीच्या पोटातला एक इवलासा ठिपका. निरोगी पेशीत एक असतो, पेशीचं विभाजन होताना दोन होतात. कर्करोगात कधी तीन-चार होतात, आणि मग ती पेशी आपलं घर सोडून शेजाऱ्यांत घुसते. सूज भडकवणारी यंत्रणाही याच ठिपक्यापाशी गोळा होते. हिलालला तंबाखूने नुसत्या सुजलेल्या हिरड्यांतही जादा ठिपके दिसत होते. खरं ठरलं असतं, तर रोग पसरायच्या कितीतरी आधी धोका कळला असता.

गप्पा वाढल्या. 'मॅडम' कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही. त्याच्या आईचा फोन आला की सगळं ठीक आहे हे तो अंधारातच अहिराणीत सांगायचा, "बठ्ठं बरं शे, माय!" आणि ही गालातल्या गालात हसायची. सरळ सांगायचं तर, प्रेमात पडली होती ती.

आणि एका दुपारी तिला नको ते दिसलं. खरा सेंट्रोसोम स्लाइडवर लावलेले लाल आणि हिरवा, दोन्ही रंग धरतो. एकावर एक आले की पिवळा दिसतो. तिने सहज त्याच्या स्लाइडवर हिरवाही पाहिला... आणि हिरव्यात जादा ठिपके गायब! नुसते जुन्या लाल रंगाचे साकळलेले कण होते ते. हिरवा लवकर विझतो, म्हणून हा पठ्ठ्या लालच बघत बसला होता. आणि हेच घेऊन तो पुढच्या आठवड्यात परिषदेला निघाला होता.

सांगितलं तर तो दुरावेल. नाही सांगितलं तर चारचौघांत त्याचं हसं होईल.

"हिलाल... हे जादा ठिपके खोटे आहेत."

हिलालने स्लाइड उचलल्या. मग "बघतो" एवढंच म्हणून तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. फोनही नाही. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणत प्रज्ञा जळगावात धुमसत राहिली. राग त्याचाही येत होता अन् स्वतःचाही.

त्यानंतरच्या फेरीला ती धुळे स्टँडवर उतरली, तर भर उन्हात हिलाल उभा! दाढी वाढलेली, डोळे जागरणाने सुजलेले.

"परिषदेतून नाव काढून घेतलं. सगळ्या स्लाइड ताज्या रंगाने पुन्हा केल्या. चल... आधी तू बघ."

"तू नाही पाहिल्या?"

"एकट्याने हिंमत होत नाही गं."

काळोख्या खोलीत तिने लाल पाहिला, हिरवा पाहिला, मग दोन्ही एकत्र. या पेशीत एक पिवळा ठिपका. हिच्यातही एकच. आणि ही... श्वास रोखून तिने पुन्हा पाहिलं.

"तीन आहेत, हिलाल. अशा पेशी तुला वाटल्या त्याहून खूप कमी... पण आहेत. खऱ्या आहेत."

त्याने केवढा तरी मोठा सुस्कारा टाकला.

"मी रुसलो नव्हतो. लाज वाटत होती," तो हळूच म्हणाला. "आता एक विचारतो. माझं मन राखू नकोस, खरं तेच सांग. मी... तुला आवडतो?"

उत्तराऐवजी तिने अंधारात चाचपडत त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"म्हणजे... हो समजू?"

"समजू नकोस! समजण्यात तू फार घाई करतोस," ती म्हणाली. "मी स्पष्ट सांगतेय. हो."