ऊब नसलेला उजेड

ताईच्या तळघरात दोन एलईडी दिवे शेजारी शेजारी टांगले होते, एक जांभळा आणि एक पांढरा, आणि त्यांच्या मधोमध स्टुलावर उभी राहून मीटर भांडत होती. दिव्यांशीच. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. दिव्यांच्या कारखान्यात उजेड मोजायची नोकरी तिला पुढे लागली, पण दुधाचा पेला डोळ्यांसमोर धरून मापायची खोड लहानपणचीच. बाबांनी तेव्हाच तिला मीटर करून टाकलं होतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी जन्मभर रोपं विकली आणि फावल्या वेळात एका फिकट पिवळ्या फुलाची नवी जात घडवली. ताई पन्नाशीला टेकली तरी "तुझ्या लग्नात पहिलं फूल मीच हातात देणार," हा हेका त्यांनी सोडला नाही. आता ताई खरंच लग्न करत होती, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याशी, आणि त्या फुलाचं चिमूटभर जुनं बी तेवढं उरलं होतं. वर जागा नव्हती आणि तळघराला खिडकी नाही. बी चुकीच्या दिव्याखाली गेलं, तर ते फूल कायमचं संपणार होतं. म्हणून आधी मोहरी पेरून दिव्यांची परीक्षा चालली होती.

"कुठला घ्यायचा ते एका वाक्यात सांग," ताई म्हणाली.

"पांढरा. वीज दोघेही सारखीच खातात, पण हा दीडपट उजेड देतो. त्या जांभळ्याच्या पाठीला हात लावून बघ."

ताईनं हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"उजेडात गेली नाही ती वीज उबेत जाते," मीटर म्हणाली. "ऊब शोधली की कुठेतरी सापडतेच."

"मग तो दिवा हिच्या हातांना लावा," बेकरीवाला जिन्यातून म्हणाला. ताईचे हात बारमाही गार. "नको, राहू द्या. मी त्या हातांवरच तर भाळलोय. लोणी घातलेलं पीठ मळावं तर असल्या हातांनी!"

ताईनं ओलं फडकं फेकून मारलं. ते नेमकं त्याच्या टकलावर बसलं.

मोहरीचा तिसरा ट्रे मीटरनं बाबांच्या हत्यारांच्या रिकाम्या कपाटात बंद केला होता. उजेडच नसला तर काय होतं, तेही दिसायला हवं. रोपं पिवळी पडून लांबुळकी होणार, हे तिला तोंडपाठ होतं.

आठवड्यानं कपाट उघडलं, तर आतली मोहरी दोन्ही दिव्यांखालच्या मोहरीहून हिरवीगार आणि दणकट. प्रत्येक रोप एकाच बाजूला झुकलेलं, कपाटाच्या मागच्या फळीकडे. तिथं काहीच नव्हतं.

संशय अर्थातच बेकरीवाल्यावर गेला. "मला पाव फुगवता येतो, मोहरी नाही," त्यानं हात वर केले. मीटरनं पुन्हा मोहरी पेरली आणि दारावर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही ठोकली. पट्टी जागची हलली नाही, आणि मोहरी पुन्हा तशीच आली.

मग तिनं उजेडमापकाची वायर आत सोडून दार लावून घेतलं. बाहेरच्या पडद्यावरचा आकडा पांढऱ्या दिव्याच्याही वर गेला. तिनं बॅटरी बदलली. कारखान्यातून दुसरा उजेडमापक आणला. तोही तेच म्हणाला. शेवटी तळघरातले सगळे दिवे मालवून तिनं स्वतःचं डोकं कपाटात घातलं. आत मिट्ट काळोख होता. जुन्या मातीचा वास येत होता. मागची फळी तिनं इंच इंच चाचपली. गार.

वीज शून्य आणि उजेड अमाप. असा दिवा कारखान्यात कुणी आणला असता, तर तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं.

"मग ऊब कुठंय?" ती पुटपुटली.

ताई बियांची पुडी घेऊन आली. "हे कपाटात लाव."

"वेडी आहेस का? उगवलं नाही तर संपलं सगळं. निदान अर्धं तरी पांढऱ्याखाली ठेवू."

"बाबा काय म्हणायचे? झाडाला फसवता येत नाही. मोहरीनं दोनदा सांगितलं, आणखी कुणाला विचारायचंय?"

मीटरला भीती वाटत होती, आणि तसं ती म्हणालीही. तरी बी कपाटातच गेलं, सगळंच्या सगळं.

ते उगवलं त्या दिवशी दोघी बहिणी गळ्यात गळे घालून रडल्या. बेकरीवाल्यानं धावत केक आणला, तो जिन्यात पडला, आणि तिघांनी तो पायरीवर बसूनच फस्त केला. इतकं आनंदी तळघर कधी नव्हतं.

लग्न बेकरीतच झालं. माणसं मावेनात, हसणं आवरेना. नवरदेवाच्या कोटाला मागून पीठ लागलं होतं आणि ते त्याला सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. फुलांचा ट्रे काउंटरवर होता. कुणी हात लावायचा नाही, अशी ताईची सक्त ताकीद होती.

डाव्या हाताला मोठी खिडकी होती. फुलं खिडकीकडे वळायला हवी होती.

ती उजवीकडे वळली होती.

उजवीकडे, पहिल्या रांगेच्या टोकाला, ताईनं बाबांसाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

मीटर गर्दीतून वाट काढत तिथं गेली. शेजारचा पाहुणा मघाच उठून खिडकीशी जाऊन उभा होता. त्याच्या लोखंडी खुर्चीवर तिनं हात ठेवला. गार.

मग बाबांच्या खुर्चीवर ठेवला. ती कोमट होती.

तेवढ्यात ताईनं लग्नाच्या कागदावर सही केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मीटरच्या तळव्याखाली खुर्ची हळूहळू गार पडत गेली.

तिनं मान वर केली. फुलं ताईकडे वळली होती.

ताई हसत होती. हसता हसता थबकली. तिच्या मुठीत एक फिकट पिवळं फूल होतं.

"तू दिलंस?" ताईनं विचारलं.

मीटरनं नाही म्हणून मान हलवली. ताईनं फूल तिला दाखवायला हात पुढे केला, आणि मीटरनं तो दोन्ही हातांत धरला.

जन्मभर गार असलेला तो हात ऊन ऊन होता.