गाळ बसू देऊ नका

माझ्या लेकीचं, मैनाचं लग्न झालं ते साल १९८३. त्याच पावसाळ्यात हे घडलं. अक्षर मला उशिरा आलं, म्हणून आजवर लिहिलं नाही. खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथं होते.

चिपळूणच्या खाली, वाशिष्ठीच्या काठाला आमची वाडी. धाकटा दीर काशीराम होडी चालवायचा.

आत्मारामसाहेब आमच्या पडवीत राहायला होते. डोंगराची किती माती नदी वाहून नेते, ते शोधायचं त्यांचं काम. काशीरामच्या होडीतून बाटली नदीत सोडायची, गढूळ पाणी भरायचं, बाटली पडवीत ठेवायची. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी काढून माती सुकवायची आणि तोलायची.

"माती आमची नि वजन तुम्ही करताव," काशीराम हसायचा. "विकणार कुठं, साहेब?"

दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी पूर आला. वर्षाची निम्मी माती अशाच दिवशी जाते, साहेब म्हणाले. काशीरामने एक बाटली भरून काठावर त्यांच्या हातात दिली.

दुसरी भरायला गेला...

होडी खालच्या वळणावर फुटलेली सापडली. काशीराम नाही.

बुडालेला माणूस मिळेपर्यंत नदीचं पाणी आमच्यात घरात ठेवत नाहीत. सासूबाईंनी साहेबांच्या सगळ्या बाटल्या अंगणाबाहेर ओतल्या. एक राहिली. काशीरामने शेवटची भरलेली. ती त्याच्या बायकोने, गंगाने, पदराखाली धरली.

"आई, हात लावू नका हिला. त्यांनी भरलीय."

मंगळसूत्रही काढेना. आधी माणूस दाखवा, म्हणाली.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. गंगा बाटली हलवत होती. थांबायची, बघायची, परत हलवायची.

"काय करतेस गो?"

"आक्का, गप. ऐका."

पाऊस थांबला होता. नदीकडून आवाज आला...

वल्ह्याचा.

छप... छप...

गाळ खाली जायला लागला, तसा आवाज लांब गेला. गाळ बसला.

आवाज बंद.

तिने बाटली हलवली. छप... पुन्हा. आता थोडा जवळ.

"ते येतायत," गंगा म्हणाली. "गाळ बसला की वाट चुकतात. गाळ बसू देऊ नका."

मी काठावर धावले. नदी रिकामी होती.

त्यानंतर ती झोपली नाही. मनगटं सुजली, डोळे खोल गेले. साहेबांनीही तो आवाज ऐकला होता. कागद घेऊन बसले होते, ते बाजूला सारले. "वहिनी, त्यांना जरा पडू दे," मला म्हणाले. "बाटली मी हलवतो."

नागपंचमीची तिन्हीसांज होती. मी गंगाला बळेच आडवी केली. साहेब बाटली हलवत होते.

छप... छप...

मग काठाच्या दगडांना होडी लागल्याचा आवाज झाला.

आमची फुटकी होडी अंगणात पालथी होती. मला समोर दिसत होती.

पायवाटेवरून कुणीतरी चढत होतं. पाणी ठिबकत होतं...

साहेबांचे हात थांबले.

"साहेब, हलवा," गंगा उठून बसली. "दारात आलेत."

"गंगाबाई, नको. आता बसू दे." त्यांनी बाटली खाली ठेवली.

पावलं कवाडाशी थांबली.

गाळ खाली उतरत होता...

पावलं माघारी वळली.

गंगाने बाटलीकडे बघितलंही नाही. "थांबा, येते मी," ती अंधाराला म्हणाली. बाजाराला निघालेल्या नवऱ्याला बाई सांगते, तशी.

आणि धावली.

मी मागोमाग गेले. चिखलात तिच्या एकटीची पावलं होती. पाण्यापर्यंत. पुढे काही नाही.

घरी आले तर साहेब भिंतीला टेकून बसलेले. बाटली त्यांच्यापासून लांब, जमिनीवर. तिला कुणी शिवत नव्हतं.

आत गाळ गरगर फिरत होता...

सकाळी मी ती नदीत ओतली. साहेब निघून गेले. परत आले नाहीत.

पावसात नळाला गढूळ पाणी येतं. हंड्यात त्याचा गाळ बसेपर्यंत मी अजून त्या खोलीत थांबत नाही.

माझा दीर काशीराम १९८३ साली, दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी वाशिष्ठीत गेला. माझी जाऊ गंगा त्याच साली नागपंचमीला गेली. दोघंही मिळाली नाहीत.