ब्रूसार आजींची दुभाषी

श्रीरंग मृणालिनीच्या वर्गात आला तो चुकून. जानेवारीतली सकाळ होती, बाहेर भुरभुर लागली होती, आणि त्याला हवा होता पेट्रोलियम इंजिनिअरिंगचा वर्ग. ओली छत्री मिटत तो आत शिरला, तेव्हा मृणालिनी फळ्यापाशी उभी राहून अमेरिकन मुलांना फ्रेंच शिकवत होती. तिने सवयीने फ्रेंचमध्येच त्याचं नाव विचारलं. तो गोंधळला आणि स्वतःशीच पुटपुटला, “आयला, वर्ग चुकला वाटतं.”

“चुकलाच आहे,” ती मराठीत म्हणाली. “पण आलाच आहात तर बसा.”

तो बसला. आणि पुढच्या वेळी, न चुकता, पुन्हा आला.

लुइझियानातलं लाफिएट अमेरिकेत असूनही निम्मं फ्रेंच. रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच, चर्चबाहेरच्या म्हाताऱ्यांच्या गप्पा फ्रेंच. विद्यापीठाच्या तळ्यात तर खऱ्याखुऱ्या मगरी. अमरावतीची मृणालिनी इथे फ्रेंचमध्ये एम.ए. करायला आली होती आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होती. “अमेरिकेत येऊन फ्रेंच शिकतेस?” असं तिची रूममेट दीपा अजूनही दर आठवड्याला विचारायची. श्रीरंग सांगलीचा. ब्रूसार आजींच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. आजी मूळच्या फ्रेंच बोलणाऱ्या, त्यांचं बोलणं कळावं म्हणून आपण शेवटच्या बाकावर बसतो, असं त्याने सांगून टाकलं होतं. तो तिला मॅडम म्हणायचा. म्हणताना त्याच्या डोळ्यांत जे हसू असायचं, त्याला मात्र तिच्याकडे काही नाव नव्हतं...

मार्चमधल्या त्या दिवशी ती पहाटेपासूनच अस्वस्थ होती. आदल्या दिवशी तिच्या प्रोफेसरबाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. ऑगस्टपासून एक वर्ष फ्रान्समध्ये, नाँत शहरात शिकवायला जाशील का, असं विचारलं होतं. अशाच संधीसाठी तर ती घरादाराशी भांडून इतक्या लांब आली होती. हो म्हणायला क्षणही लागायला नको होता. आणि ती म्हणाली होती, उद्या सांगते.

सकाळच्या वर्गात शेवटचा बाक रिकामा होता.

तिने शिकवलं, पण फळ्यावर एकच क्रियापद दोनदा लिहिलं, तेही चुकीचं. मुलं हसली. मधल्या सुट्टीत ती कॅफेटेरियात गेली, कॉफी घेतली, न पिताच उठली. त्याचा नंबर फोनमध्ये होता. पण एका वर्गाला आला नाही म्हणून फोन करायचा... कुठल्या नात्याने? दुपारी भाषाशास्त्राच्या सेमिनारला बसली, तर कानावर एक शब्द पडेना. खिडकीबाहेर ओकच्या फांद्या वाऱ्याने हलत होत्या आणि ती उगीच पेनाचं टोपण उघडत-मिटत होती.

तेवढ्यात दाराच्या काचेत श्रीरंगचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. ती माफी मागून बाहेर आली.

“आजी काल घरात पडल्या,” तो म्हणाला. “खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं. पण शुद्धीवर आल्यापासून इंग्रजी पार विसरल्यात. नर्स सगळ्या तरुण, त्यांना फ्रेंच येत नाही. मला अर्धंच कळतंय... आणि त्या रडतायत. याल का?”

ती बॅगसुद्धा न घेता निघाली.

हॉस्पिटलात आजी हातातली सलाईनची सुई उपटायला बघत होत्या. मृणालिनीने त्यांचा हात धरला, कान तोंडाजवळ नेला. पुस्तकातल्या फ्रेंचपेक्षा ही भाषा कितीतरी निराळी, जुनी, गावरान. तरी हळूहळू उलगडा झाला. आजींना त्यांची लग्नातली अंगठी हवी होती. ऑपरेशनआधी ती काढून ठेवली होती. नर्सने आणून बोटात घातली, आणि आजी लहान मुलासारख्या शांत झाल्या. मग त्यांनी मृणालिनीला नीट न्याहाळलं, श्रीरंगकडे बोट दाखवलं आणि सावकाश बरंच काही बोलल्या.

मृणालिनीचे कान तापले.

“काय म्हणतायत?” श्रीरंगने विचारलं.

“म्हणतायत... तुमचा ‘र’ अजून कच्चा आहे.”

“केवढं लांब बोलल्या.”

“फ्रेंचमध्ये लांबच होतं.”

आजींना झोप लागल्यावर दोघं गाडीत येऊन बसली. त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

“मॅडम, दोन महिने तुमच्याच वर्गात बसलोय,” तो समोर बघत म्हणाला. “मघाशी आजी म्हणाल्या, फ्रेंच मी याला घरीच शिकवली असती. हा तिकडे जातो तो तुझ्यासाठी. इतकं कळलं मला.”

तिने अचानक नाँतबद्दल सगळं सांगून टाकलं. वर्षभर जावं लागेल, आज उत्तर द्यायचंय, आणि आपण ते का देत नाही हे सकाळपर्यंत कळत नव्हतं...

“आधी त्यांना हो कळवा,” तो म्हणाला. “मी काही बोलायच्या आत. नाहीतर पुढे कधीतरी वाटेल, माझ्यामुळे राहिलात.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिथूनच प्रोफेसरबाईंना फोन लावला आणि जाणार असल्याचं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा दिवसभराची ती घालमेल कुठल्या कुठे गेली होती.

“आता बोला,” ती म्हणाली.

त्याने फ्रेंचमध्ये सुरुवात केली. तिने मान हलवली. “मराठीत.”

“मराठीत फार अवघड आहे.”

“म्हणूनच.”

“मृणालिनी...” तो अडखळला. “मला तू आवडतेस. वर्षाने परत येशील तेव्हाही आवडशील. आणि मधल्या काळातही, रोज.”

तिने त्याच्या उलट्या स्वेटरच्या बाहीवर हात ठेवला. “मलाही,” ती म्हणाली, इतकं हळू की त्याला वाकून ऐकावं लागलं.

गाडी विद्यापीठापाशी येऊन थांबली. तिचा शेवटचा तास केव्हाच सुरू झाला होता. ती उतरली नाही.