येतो म्हणालास ना

त्याला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. पाय कधी एका जागी ठरलेच नाहीत त्याचे, म्हणून. तर हा भिंगरी एक स्केटबोर्ड बगलेत मारून परमुलखात हिंडायला निघाला होता. उताराला फळीवरून, चढाला हात दाखवून थांबेल त्या गाडीतून. असा अर्धा देश पालथा घालून झाला आणि समुद्रकाठचं शेवटचं गाव एका दुपारच्या अंतरावर आलं. तिथे त्याची ताई राहायची. ताईचे दिवस भरले होते, मेव्हणे बोटीवर, आईला येणं जमण्यासारखं नव्हतं. "मी पोचतो ना, तू कशाला काळजी करतेस?" असं हा आईला छातीठोकपणे सांगून बसला होता. आणि शहाणा आला मात्र वाटेत रमतगमत.

दुपारी डोंगरमाथ्यावर धुकं उतरलं. रस्ता ओला झाला आणि फळीचं एक चाक किरकिरायला लागलं. आजूबाजूला वस्ती म्हणून नाही, रस्त्याला लागून तेवढं एक घर. दार एका म्हातारीने उघडलं. याने मोडक्यातोडक्या परभाषेत विचारलं, थोडं तेल मिळेल का? तिने शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणून दिली, वर चहाचा कप पुढ्यात ठेवला. घरात दुसरं कुणी दिसेना, तरी टेबलावर दोघांची पानं मांडलेली होती. खोलीला ओल्या लोकरीचा वास होता, आणि त्याच्याखाली नासलेल्या दुधासारखा काहीतरी. हा चाकाला तेल घालत होता तोवर म्हातारी त्याच्याकडे एकटक बघत बसली होती.

त्याचा जीव काही तिथे रमेना. पाठपिशवी उचलली, आणि निघताना शब्दाला शब्द लावून तिच्या भाषेत म्हणाला, "येतो हं, आजी."

आता आपल्यात निघालेला माणूस येतोच म्हणतो. जातो म्हणून बघा, आईचा धपाटा पाठीत बसलाच! पण त्या भाषेत येतो म्हणजे येतो.

म्हातारीचा चेहरा उजळला. "नक्की?"

"हो हो, अगदी नक्की," हा हसून म्हणाला आणि सुटला.

थोड्या अंतरावर पाववाल्याची गाडी थांबली. पाववाला भारी बोलका, स्वतःच्या विनोदांना स्वतःच हसणारा. तेवढ्यात ताईचा फोन आला. "कुठवर आलास रे? पोट सारखं कडक होतंय माझं. भीती वाटतेय."

"हा काय, आलोच!" आपल्या लोकांचं 'आलोच' म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

फोन ठेवतो तर गाडी उभी राहिलेली. "उतर, तुझं ठिकाण आलं," पाववाला म्हणाला. मघाचं हसू आवाजात राहिलं नव्हतं. भिंगरी उतरला, गाडी धुक्यात निघून गेली, आणि बघतो तर समोर तेच घर. दारात म्हातारी.

"आलास? चहा निवला बघ तुझा."

कुठेतरी वळण चुकलं असेल, अशी मनाची समजूत घालून तो तसाच पुढे निघाला. मग लाकडं वाहणारा एक ट्रक मिळाला. या खेपेला याने रस्त्यावरून नजर हलू दिली नाही. रस्ता सरळ उतरत होता. खारा वारा यायला लागला, खाली गावाचे दिवे लुकलुकताना दिसले. हुश्श करून याने डोळे चोळले मात्र...

"तिला येतो म्हणालास ना?" ट्रकवाला हलक्या आवाजात म्हणाला. "मग असं करू नये..."

आणि त्याने ब्रेक दाबला. खिडकीतून ओल्या लोकरीचा वास आत आला.

आता तिसऱ्या गाडीला हात करायची त्याची छाती होईना. दिवस कलला होता. त्याने फळी रस्त्यावर टाकली आणि पाय मारत सुसाट सुटला. चाकांच्या खडखडाटात मागून पावलं ऐकू येत होती. धावणारी नव्हेत, चालणारी. अगदी सावकाश... तरी अंतर वाढेना. वळण घेतलं की घर, पुढचं वळण घेतलं की पुन्हा तेच घर, आणि दर वेळी ती फाटकाच्या थोडी अलीकडे आलेली. शेवटी तर रस्त्याच्या मधोमध उभी! त्याने बूट घासून कशीबशी फळी थांबवली.

"येतो म्हणालास ना...?"

ताई तिकडे एकटी आणि आपण इथे अडकलो, या विचाराने भिंगरीला रडू फुटलं. परकी भाषा कुठल्या कुठे पळाली. त्याने हात जोडले आणि आग्रह मोडताना आई म्हणायची तसं घरच्याच बोलीत म्हणून गेला, "आज नाही हो जमत, आजी. ताई बाळंत व्हायचीय माझी. त्यापेक्षा तुम्हीच या ना एकदा आमच्याकडे!"

म्हातारी विचारात पडली. मग हसली. "हे बरं सुचवलंस. येते."

आणि ती बाजूला झाली. धुकं विरलं. उतार असा मोकळा झाला की फळी थेट गावात येऊन थांबली. सुटलो बाबा एकदाचा! या म्हटलं म्हणून कोण येतंय? ती आपल्याच भाषेत बोलली, हे ताईच्या गल्लीत शिरताना त्याच्या ध्यानात आलं. त्याने तो विचार झटकला आणि बेल दाबली.

दारात ताई हसतमुख उभी. याने तिला मिठीच मारली.

"हळू बोल," ती कुजबुजली. "आजी आत जरा टेकल्यात."

"कोण... आजी?"

"असं काय करतोस? तूच बोलावलंस ना त्यांना? मघाशी आल्या. काय माया आहे रे! पोटावरून नुसता हात फिरवला आणि कळा थांबल्या माझ्या. बाळसुद्धा गप्प झालंय. तेव्हापासून हललंच नाही."

भिंगरीने ताईचा हात धरून तिला बाहेर ओढलं, पण ती जागची हलली नाही.

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

"माझा भाऊ आलाय, आजी."

"हो का? बरं झालं," आतला आवाज म्हणाला. "म्हणजे आता एकच यायचा राहिला."