देवदारावरचे क्रूस

"अहो काका, थांबा! आम्ही आत आहोत!"

रोझलिन घसा फोडून ओरडली. पण रखवालदार शत्रुघ्नकाका कुलूप ठोकून शीळ घालत निघूनही गेले. आत एकदा डोकावायला काय जात होतं? मे महिन्यात डोक्यावर तापलेले पत्रे, आणि गोखिवऱ्याची ही लाकडाची वखार उघडणार थेट सोमवारी!

"मेलो!" चुलतभाऊ फर्डिनंड मटकन खाली बसला.

रोझलिनला पप्पांची काळजी लागली होती. त्यांची खरी फळी शोधायलाच ती तिघं गुपचूप इथे शिरली होती. तिचे पप्पा ऑगस्टीन सुतार. चर्चच्या वेदीसाठी त्यांनी इथेच देवदार निवडून फळ्यांच्या टोकांवर गेरूने क्रूस काढले होते. घरी आल्या तसेच क्रूस काढलेल्या, पण गाठाळ, चिकट चिडाच्या फळ्या! वर वखारवाले हरेश्वरशेट म्हणत, "खूण तुमचीच! लाकूड तुम्हीच बदललंत." आज पाच वाजता चर्चमध्ये सभा होती. तिथे खरं ठरलं नाही, तर पप्पा कायमचे चोर!

"चीड न् देवदार म्हंजे आपला सुरूच ना?" मैत्रीण जिजाने विचारलं.

"छे!" फर्डिनंड म्हणाला. "सुरू त्यांच्या नात्यातलासुद्धा नाही. ते दोघे एका कुळातले, बारा महिने हिरवे. हिमालयात चीड खालच्या उतारावर, देवदार त्याच्याही वर, थंडीत."

"इथं जीव उकडतोय, न् हा थंडी सांगतोय!"

रोझलिनला कोपऱ्यातून देवदाराचा गोडसर वास आला. तिने ताडपत्री ओढली.

"पप्पांचे क्रूस! बघा, खालचा दांडा लांब. घरच्या फळ्यांवर चारही दांडे सारखे, बेरजेच्या चिन्हासारखे! आपल्या गावात असा क्रूस कोण काढतं?"

"पन सांगनार कोनाला?"

तिघांनी हाका मारल्या. शेजारच्या करवतीच्या घरघरीत त्या विरून गेल्या. रोझलिनला रडू फुटलं. तेवढ्यात तिला छताजवळचा झरोका दिसला. पप्पा सभेला याच रस्त्याने जाणार होते!

"उचला फळी!"

लाकडांच्या ढिगावर चढून त्यांनी फळीचं क्रूस असलेलं टोक झरोक्यातून रस्त्याच्या बाजूला बाहेर काढलं. हात भरून आले, घामाने फळी निसटू लागली.

"कोण आहे आत? ही तर माझी फळी!"

"पप्पा!"

कुलूप तोडलं गेलं. सभेत दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्यावर हरेश्वरशेटांची मान खाली गेली. "शाबास, पोरांनो!" फादर म्हणाले. चार दिवस खाली मान घालून वावरणाऱ्या पप्पांनी सगळ्यांदेखत रोझलिनला उचलून घेतलं.

"माझं नाव राखलंस गं, बाय!"